मदत हवी आहे: हवा-प्रदूषण आणि तब्येतीवर मराठी पॉडकास्ट
मंडळी, मुंबईत गोवंडीला आमच्या बचत गटातल्या बायकांना काम करता करता ऐकवायला पॉडकास्ट हवाय, म्हणजे शेजारचं देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग 1927 पासूनचं, तर त्याच्या शेजारच्यांच्याच वाट्याला धूर का, पीएम 2.5 ची (हवेतल्या अगदी बारीक कणांची) आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅम आणि डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) 5 असं का, असलं सोपं करून सांगणारा. स्पॉटिफाय, यूट्यूब पालथं घातलं, मराठीत शोधलं की योगा नाहीतर काढे! इंग्रजी इथे चालणार नाही, हिंदी चालेल. व्हिडिओ नको, डेटा संपतो. वीसेक मिनिटांचा, डाउनलोड होणारा हवा. नुसतं मास्क लावा सांगणाराही नको. दिल्ली सोडून मुंबईबद्दल बोलणारा एखादा एपिसोड कुणी स्वतः ऐकलाय का, नाव सांगाल?