घरच्या लिनक्सला कोणती फाइलसिस्टीम घ्यावी?

चाळीसगावहून प्रश्न: राम राम मंडळी. २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्डडिस्क आहे. उन्हाळ्यात लाइट कधीही जाते, यूपीएस नाही. फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, कोणती घेऊ: एक्स्ट-४, बीटीआरएफएस की एक्सएफएस?

जळगाव: भाऊ, हार्डडिस्कला डोळे झाकून एक्स्ट-४. लाइट गेली तरी जर्नलमुळे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीमुळे, फाइलसिस्टीमची रचना सावरते. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलात फाइलींच्या नोंदी असतात, आतला मजकूर नसतो. नोंदी साधारण दर ५ सेकंदांनी पक्क्या होतात, म्हणून शेवटचं लिखाण जाऊ शकतं. शिवाय ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टीमचा मुख्य वापरकर्ता) राखीव राहते, म्हणजे तुमचे जवळपास ५० जीबी. डिस्कवर नुसता डेटा असेल तर ट्यूनटूएफएस (tune2fs) कमांडने ती १ टक्क्यावर आणा.

धुळे: एसएसडीवर सिस्टीमसाठी बीटीआरएफएस घ्याच. अपडेट फसलं तर स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवरून, मागे येता येतं. चेकसममुळे (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बिघडलेली फाइल कळते, पण डेटाची दुसरी प्रत नसेल तर दुरुस्त होत नाही. व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा दुसरा संगणक) ठेवणार असाल तर आधी रिकाम्या फोल्डरवर चॅटर (chattr) कमांडने कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद करा, मग फाइली टाका. नाहीतर फाइलीचे तुकडे होऊन मशीन रखडतं. त्या फाइलींचं चेकसम मात्र बंद होतं.

जळगाव: हे पटलं. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. महत्त्वाचं सगळं हार्डडिस्कवरही उतरवा. एक्सएफएस चांगली आहे, पण पार्टिशन नंतर लहान करता येत नाही. घरी तिथेच अडतं.