मदत हवी आहे: डर्बीच्या पाडलेल्या सेंट अल्कमंड चर्चचे मूळ नकाशे कुठे मिळतील?

सर्वांना नमस्कार.

मी इंग्लंडमधील डर्बी येथे राहतो. कामावर जाताना रोज सेंट अल्कमंड्स वे या रस्त्यावरचा पादचारी पूल ओलांडतो. खालून जिथे आज मोटारी धावतात, तिथे साठच्या दशकापर्यंत जॉर्जियन (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील) घरांनी वेढलेल्या चौकात उंच, निमुळत्या शिखराचे सेंट अल्कमंडचे पॅरिश (म्हणजे त्या वस्तीचे स्थानिक) चर्च उभे होते, हे एका जुन्या फोटोमुळे कळले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जवळचे, वास्तुविशारद प्युजिन यांनी बांधलेले सेंट मेरी चर्च शाबूत असल्यामुळे फोटोतली जागा ओळखता येते.

वास्तुविशारद हेन्री आयझॅक स्टीव्हन्स यांचे हे चर्च १८४६ साली पूर्ण झाले आणि १९६७ च्या सुमारास रिंगरोडसाठी पाडले गेले. त्या वेळच्या उत्खननात नवव्या शतकातील कोरीव दगडी शवपेटी सापडली. ती आता डर्बीच्या संग्रहालयात आहे आणि तिच्यावरची एकात एक गुंफलेली नक्षी पाहताना मी दर वेळी बराच वेळ रेंगाळतो. चित्रकार जोसेफ राइट यांचे दफनही याच आवारात झाले होते. त्यांचे अवशेष पुढे नॉटिंगहॅम रोडच्या दफनभूमीत हलवले गेले. मात्र मला जे वाचायला मिळते, ते बहुतेक चर्चच्या आधीच्या काळाविषयी असते. सव्वाशे वर्षे लोकांनी जिथे बाप्तिस्मे आणि लग्ने केली, त्या व्हिक्टोरियन वास्तूबद्दल चार ओळींपलीकडे काही हाती लागत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय तीसुद्धा मध्ययुगीन चर्च पाडूनच उभारली होती.

अडचण अशी की, डर्बीचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेश) १९२७ साली झाला. त्यापूर्वी हा भाग साउथवेलकडे आणि १८८४ पूर्वी लिचफिल्डकडे होता. म्हणजे नव्या बांधणीसाठी बिशपच्या न्यायालयाकडून घेतलेल्या परवानगीची कागदपत्रे, आणि त्यांसोबत मूळ नकाशे, लिचफिल्डच्या दप्तरात शोधावेत, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का? अशा दप्तराच्या प्रती टपालाने मागवता येतात का, की प्रत्यक्षच जावे लागते? मॅटलॉकच्या डर्बीशायर अभिलेखागारात पॅरिशच्या नोंदवह्या कोणी पाहिल्या असल्यास, त्यांत वास्तूच्या खर्चाचे हिशेबही असतात का, हे कृपया सांगावे. शिखराचे त्या काळचे एखादे रेखाटन कुठे पाहिल्याचे कोणाला आठवत असेल, तर तेही जरूर कळवावे.