फुलांची मिरवणूक की फुलांतली?

ग्रँड रॅपिड्सहून, मिशिगन, अमेरिका (प्रश्न)
इथल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. आमच्यापासून पाऊण तासावर हॉलंड नावाचं गाव आहे. १८४७ मध्ये व्हॅन राल्टे या धर्मोपदेशकाबरोबर आलेल्या डच लोकांनी वसवलेलं. दर मे महिन्यात तिथे 'ट्यूलिप टाइम' नावाचा उत्सव असतो. लिडा रॉजर्स या शिक्षिकेने १९२७ मध्ये गावभर ट्यूलिप लावायची कल्पना मांडली, पुढच्या वर्षी नगरपालिकेने नेदरलँड्समधून एक लाख कंद मागवले आणि १९२९ पासून उत्सव सुरू झाला. त्यातल्या परेडला मराठीत काय म्हणू? मी 'फुलांची परेड' लिहिलं, तर नवरा म्हणाला, "फुलांना सावधान-विश्राम कोण म्हणणार?"

पुण्याहून
नवऱ्याचं बरोबर आहे. मराठीत परेड पोलिसांची, एनसीसीची, नाहीतर ओळखपरेड. सरळ 'मिरवणूक' म्हणा. 'मिरवणे' या क्रियापदात ऐट आहे आणि लाडही आहे. नवी साडी मिरवतात तसाच नवा नातूही मिरवतात. 'शोभायात्रा' मात्र नको, छापील पत्रकातला शब्द वाटतो. गंमत म्हणून सांगतो, 'जुलूस'चा अरबी अर्थ बसणे, तख्तावर बसणे. राज्यारोहणाच्या थाटामाटात शब्द कधी उठून चालायला लागला ते त्यालाही कळलं नसेल.

डोंबिवलीहून
शोभायात्रेला एवढं नाक मुरडू नका हो. पाडव्याला आमच्याकडे १९९९ पासून स्वागतयात्रा निघते, तिला निम्मी माणसं शोभायात्राच म्हणतात. चित्ररथ असले की शोभायात्रा, असं माझं साधं गणित आहे.

ग्रँड रॅपिड्सहून
चित्ररथ असतात, बँडही असतात. पण खरी मजा त्याआधी. दवंडीवाला येतो, महापौर रस्त्याची पाहणी करतात आणि रस्ता अस्वच्छ असल्याचं जाहीर करतात. मग जुन्या डच वेशातले बायका-पुरुष, मुलं बादल्या नि झाडू घेऊन भर रस्त्यात घासायला लागतात. रस्ता धुतल्यावरच मिरवणूक पुढे सरकते.

पुण्याहून
अहो, मग हे सडासंमार्जन! एवढा नेमका शब्द आयता असताना 'स्ट्रीट स्क्रबिंग' लिहू नका.

नाशिकहून
माझी रोपवाटिका आहे, त्यामुळे मला आधी फुलं दिसतात. एक विचारतो, ताई. ट्यूलिप गाड्यांवर लादलेले असतात की जमिनीत?

ग्रँड रॅपिड्सहून
जमिनीत. रस्त्याच्या दोन्ही कडांना, ओळीने.

नाशिकहून
मग 'फुलांची मिरवणूक' चूक. अडचण 'मिरवणूक'ची नाही, त्या 'ची'ची आहे. गणपतीची मिरवणूक म्हणजे गणपती मिरवतो. नवरदेवाची वरात म्हणजे नवरदेव घोड्यावर. फुलांची म्हटलं की फुलं वाहनात हवीत. खुद्द नेदरलँड्समध्ये तसं असतं, त्याला ते 'ब्लूमेनकोर्सो' म्हणतात. झुंडर्टला डेलियांनी मढवलेले अवाढव्य रथ निघतात. नोर्डवाइकहून हार्लेमला जाणारी मिरवणूक वसंतातल्या कंदफुलांची. तिथे 'ची' शोभते. तुमच्या गावात फुलं जागेवर उभी राहून बघतात आणि माणसं मिरवतात. म्हणजे 'फुलांतली मिरवणूक'. उगाच कीस काढतोय असं वाटेल, पण वाचकाच्या डोळ्यांपुढे अगदी वेगळं चित्र उभं राहतं.

(आणि 'कंद' लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे लिलीचे 'कांदे' म्हणतात, पण ट्यूलिपचे कांदे म्हटलं की लोक भाव विचारतील. अर्थात १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी ते खाल्लेही होते.)

सोलापूरहून
नाशिककरांना दुजोरा. आमच्याकडच्या तेलुगू पद्मशाली घरांत बतुकम्मा असते. तरवड, कुरडू, झेंडू यांचे थर ताटात शिखरासारखे रचायचे, भोवती फेर धरायचा, शेवटी डोक्यावरून पाण्यापर्यंत न्यायचं. फुलंच देवी. ही खरी 'फुलांची' मिरवणूक, तीही मूळ तेलंगणातून विणकामासाठी इथे आलेल्या लोकांची. पण आम्ही तिला मिरवणूक म्हणत नाही. 'बतुकम्मा खेळायला चाललो' म्हणतो, भोंडला खेळतात तसं.

ग्रँड रॅपिड्सहून
'फुलांतली' घेतलं! आता 'होमलँड'. मी 'मायदेशाची आठवण' लिहिलंय.

पुण्याहून
मायदेश म्हटलं की माणूस सुटीत परत जाईल असं वाटतं. मायदेश तुमचा, ताई. १८४७ ला आलेल्यांच्या आजच्या पिढीचा कसा? 'मूळ देश' म्हणा.

डोंबिवलीहून
मूळ देश म्हणजे फॉर्ममधला रकाना. 'पणजोळ' कसं वाटतं? आजोळी आपण राहिलेलो असतो, पणजोळ बहुतेक ऐकूनच माहीत असतं. तिथली भाषा येत नाही, पण तिथलं काहीतरी घालून मिरवायला आवडतं.

पुण्याहून
शोभायात्रेचं माफ केलं तुम्हाला.

सोलापूरहून
पणजोळ आईकडचं असतं, बापाकडच्यांनी काय करायचं?

डोंबिवलीहून
त्यांनी रस्ता घासायचा.

ग्रँड रॅपिड्सहून
शेवटचं विचारते. ते 'क्लोम्पेन' घालून रस्त्यावर नाचतात. खडावा लिहू?

नाशिकहून
नको. खडावांना अंगठ्याची खुंटी असते आणि त्या घातल्या की आपल्याला ऋषी दिसतात. क्लोम्पेन पुढून बंद, होडीसारखे. 'लाकडी जोडे' पुरे. पण नाचताना पाय सोलवटत नाहीत?

ग्रँड रॅपिड्सहून
म्हणून तर आत एकावर एक मोजे चढवतात. नाचणाऱ्या पोरी जोडे दोन मापं मोठेच घेतात म्हणे.