गुई-चॅपमनमध्ये सोडियम २४० मोलर येतंय, कोड चुकलाय का?

डबललेयरने_छळलेला:
नमस्कार मंडळी, एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे: पाण्यात चार्ज असलेल्या सरफेसपाशी उलट भाराचे आयन जमून जो थर होतो (डबल लेयर), तो गुई-चॅपमन थिअरीने काढतोय. ०.१ मोलर सोडियम क्लोराइड, त्यात सपाट निगेटिव्ह सरफेस, −२०० मिलिव्होल्ट, २५ अंशाला. या थिअरीचं पॉयसन-बोल्ट्झमन समीकरण पायथनमध्ये सोडवलं, डिबाय लांबी (म्हणजे त्या थराची साधारण जाडी) ०.९६ नॅनोमीटर येतेय म्हणजे तिथपर्यंत बरोबर असावं पण सरफेसला चिकटून सोडियम २४० मोलर दाखवतंय!! अहो नुसतं पाणीच लिटरला ५५.५ मोल असतं. दोन रात्री युनिटं तपासतोय, काही सापडेना. गाईड म्हणतात परत बघ.

जुनाखोडरबर:
कोड परत उघडू नकोस, कॅल्क्युलेटर घे. २०० भागिले २५.७ (२५ अंशाला उष्णतेच्या ऊर्जेइतके मिलिव्होल्ट) म्हणजे ७.८, ई चा तेवढा घात साधारण २४००, गुणिले ०.१. झाले की २४०! तुझा कोड इमानदार आहे, थिअरीच थापा मारतेय. गुईने १९१० ला आणि चॅपमनने १९१३ ला हे मांडलं तेव्हा आयन म्हणजे नुसता बिंदू धरला होता, त्याला जागाच लागत नाही, मग सरफेसपाशी कितीही कोंबा. खऱ्या सोडियमभोवती पाण्याचं कवच असतं, ते धरून व्यास ०.७ नॅनोमीटर घेतला आणि खोक्यांसारखे एकावर एक रचले तरी ५ मोलरच्या आसपास जागा संपते. त्यामुळे एकभारी आयन असतील तर पन्नासेक मिलिव्होल्टपर्यंत हे मॉडेल चालवून घ्यायचं, २०० ला नाही.

पाऱ्याचा_थेंब:
+१. कपॅसिटन्स (व्होल्टेज वाढवलं की थरात किती चार्ज साठतो ते) काढून बघ, अजून हसशील. शून्य पोटेन्शियलला ७२ मायक्रोफॅरड प्रति चौ. सेमी येतो आणि तिथून कॉश फंक्शनने चढत २०० ला १७०० च्या वर जातो. पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर मोजलेले आकडे विशी-चाळिशीत असतात. म्हणून स्टर्नने १९२४ मध्ये (हो, स्टर्न-गेरलाखवालाच) सांगितलं की आयन आपल्या त्रिज्येपेक्षा जवळ येऊ शकत नाही, तेवढ्या फटीत चार्ज नसतो आणि पोटेन्शियल सरळ रेषेत उतरतं. म्हणजे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, आणि सिरीजमध्ये चालतं ते लहान्याचं. फटीला २० मायक्रोफॅरड देऊन बघ.

गढूळपाणी:
मी केमिस्ट्रीवाला नाही पण विचारतो, पावसाळ्यात आजी हंड्यात तुरटी फिरवायची ते हेच का? ॲल्युमिनियम तीनभारी म्हणून?

जुनाखोडरबर:
अर्धं हेच. मातीचे कण निगेटिव्ह असतात, एकमेकांना ढकलतात म्हणून खाली बसत नाहीत, आणि आयनचा भार जितका जास्त तितक्या कमी मिठात कण गोळा होतात हे खरंय. पण तुरटीचं ॲल्युमिनियम पाण्यात सुटं राहत नाही, त्याचा हायड्रॉक्साइडचा चिकट साका होतो आणि तो गाळाला घेऊन बसतो. तेव्हा आजीचं सगळं श्रेय डबल लेयरला देऊ नका.

डबललेयरने_छळलेला:
दादा बसलं!! स्टर्न टाकल्यावर २०० पैकी १६० मिलिव्होल्ट त्या फटीतच गेले, बाहेरच्या थरात फक्त ४० उरले, सोडियम ०.४७ मोलर. २४० वरून अर्ध्या मोलरच्या आत! पण ते २० मायक्रोफॅरड कुठून आले हे गाईडनी विचारलं तर?

पाऱ्याचा_थेंब:
खरं सांग, प्रयोगाशी जुळवून घेतलेला आकडा आहे. फटीतलं पाणी सरफेसमुळे जखडलेलं असतं, डायइलेक्ट्रिक स्थिरांक साध्या पाण्याचा ७८ धरून चालत नाही, बरंच कमी. ते नको असेल तर बिकरमनचं १९४२ चं मॉडेल घे, त्यात आयनची जागा समीकरणातच मोजलीय, कॉन्सन्ट्रेशन एका मर्यादेला जाऊन थांबतं. आणि इतक्यात कॅल्शियम टाकायला जाऊ नकोस, दोन-तीन भारी आयन एकमेकांना बघून जागा धरतात, कधीकधी सरफेसचा चार्ज उलटवूनसुद्धा टाकतात, पॉयसन-बोल्ट्झमनमध्ये ते दिसतच नाही.

डबललेयरने_छळलेला:
प्रोजेक्टचा दुसरा भाग कॅल्शियम क्लोराइडच आहे 😭