गिरिपुष्प, कडुनिंब, निलगिरी: झाडाखालच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांची तुलना कशी करावी?

रानवाट:
नमस्कार मंडळी. सोलापूर-बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडे मुरमाड माळावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), कडुनिंब आणि निलगिरी असे लागवडीचे तीन पट्टे आहेत. खाली ओढ्याकाठी बाभळी, वर टेकाडावर अंजन. कोणत्या झाडाखाली जिवाणू-बुरशी किती, हे एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तपासायचंय. ओव्हन, ब्युरेट, ऑटोक्लेव्ह आहे. डीएनए तपासणीची सोय नाही. पोषक माध्यमाच्या प्लेटवर वाढणाऱ्या जिवाणू-बुरशीच्या वसाहती मोजून भागेल का? आणि कडुनिंबाखाली जिवाणू तग धरत नाहीत म्हणतात, ते खरं का?

चाळणी२मिमी:
आधी बाभूळ आणि अंजन यादीतून काढा. बाभूळ खोल काळ्या गाळात उभी, अंजन वीतभर मुरमावर. दिसेल तो फरक गाळाचा आणि ओलीचा असेल आणि तुम्ही तो झाडाच्या नावावर लिहाल. या विषयातली सगळ्यात मोठी चूक हीच. झाडाचा परिणाम वेगळा दिसायला माती एकच लागते. पोलंडमध्ये १४ प्रजाती एकाच जागी शेजारीशेजारी लावल्या होत्या, म्हणूनच पाचोळ्यातल्या कॅल्शियममुळे सामू (मातीचा पीएच) आणि गांडुळं बदलतात हे तिथं ठामपणे सांगता आलं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत मात्र झाडामुळे सामू फारसा हलत नाही; इथं फरक शोधायचा तो पाचोळ्यात, सावलीत आणि ओलीत.

दुसरं, एका पट्ट्यातली पाच झाडं म्हणजे पाच पुनरावृत्त्या नव्हेत. प्रत्येक जातीचे निदान तीन वेगळे पट्टे शोधा आणि मधलं उघडं कुरण तुलनेला घ्या.

नमुना खोड आणि घेराची कड यांच्या मध्यावर, चारही दिशांना, पाचोळा हाताने सारून ० ते १० सेंमी खोलीचा. चारही एकत्र करून एक नमुना. माती वापशावर असतानाच २ मिमी चाळणीतून काढा. ओली काळी माती असेल तर नुसते गोळे होतात. उन्हात वाळवू नका. वाळलेल्या मातीला पाणी लागलं की मेलेल्या पेशींवर उरलेले जिवाणू तुटून पडतात आणि श्वसन (जिवाणू-बुरशी सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) काही दिवस एकदम चढतं. वळवाच्या पहिल्या सरीनंतर रानात हेच होतं. म्हणून सगळे पट्टे एकाच दिवशी करा. सोलापुरात सप्टेंबरची ओल सगळ्यात भरवशाची.

हिवराची_सावली:
कडुनिंबाबद्दल: अझाडिरॅक्टिन हे त्याचं कीडनाशक द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या बीतल्या गरात असतं, आणि ऊन व सूक्ष्मजीव ते मोडतात. निंबोळी पेंड नायट्रीकरण करणाऱ्या (अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या) जिवाणूंना मंदावते हे खरं, पण त्यावरून गळलेल्या पानांखालची माती ओसाड ठरवू नका. तो पाला बऱ्यापैकी लवकर कुजतो.

गिरिपुष्पाच्या पानात नत्र ३ टक्क्यांच्या वर, लिग्निन (सावकाश कुजणारा लाकडी घटक) कमी. जिवाणू त्यावर लगेच बसतात. पाऊस लागला की काही आठवड्यांत देठच उरतात. निलगिरीच्या पानात नत्र जेमतेम १ टक्का, शिवाय टॅनिन (तुरट द्रव्य) आणि तेल, त्यामुळे तिथं काम बुरशीचं. निलगिरीचा पाचोळा उचलून खालची बाजू बघा: दोन पानं पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली सापडतील. गिरिपुष्पाखाली तसं क्वचितच दिसतं.

गिरिपुष्पाच्या बारीक मुळांवरच्या गाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापून बघा. आत गुलाबी असेल तर नत्र बांधणं चालू; हिरवट किंवा तपकिरी असेल तर गाठ संपली. उन्हाळ्यात गाठी गळतात, तेव्हा खणून 'गाठी नाहीत' असं लिहू नका. अंजन शेंगवर्गीय असूनही गाठी धरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

चाळणी२मिमी:
वसाहती मोजू नका असं नाही, पण मातीतल्या जिवाणूंपैकी साधारण शेकड्यात एखादाच प्लेटवर वाढतो. मुख्य मोजमाप श्वसनाचं ठेवा. ५० ग्रॅम चाळलेली माती जलधारणेच्या (ती जास्तीत जास्त धरू शकते त्या पाण्याच्या) ६० टक्के ओलीवर आणून आठवडाभर २५ अंशांवर तशीच ठेवा, म्हणजे चाळल्याने आलेला उसळा बसतो. मग हवाबंद बरणीत तिच्याशेजारी ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १० मिली ठेवा; मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं. सात दिवसांनी बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवा, फिनॉल्फ्थॅलीन टाका आणि ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. मातीविना एक बरणी हवीच. (रिकाम्या बरणीचं वाचन − नमुन्याचं वाचन) × ०.५ × २२ = कार्बन डायऑक्साइड, मिलीग्रॅममध्ये. बेरियम विसरलात तर कार्बोनेटही आम्ल खातं आणि श्वसन खरं आहे त्याहून कमी दिसतं.

रानवाट:
मनापासून आभार. रानातच करता येईल असं काही आहे का? सुती कापड पुरून ते किती कुजलं हे बघतात असं ऐकलंय. सोलापुरी टॉवेलचे तुकडे चालतील?

हिवराची_सावली:
टॉवेल नको. त्याच्या फासांत चिकणमाती अडकते ती निघत नाही, वजन फसवं येतं, शिवाय रंगाचा प्रश्न वेगळाच. कोरं मांजरपाट घ्या, पण आधी उकळून खळ पूर्ण काढा. खळ म्हणजे स्टार्च. ती आठवड्यात कुजते आणि कापडच कुजलं असं वाटतं. कापडावर आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला तर पुन्हा उकळा. ५ × २० सेंमी पट्ट्या ६० अंशांवर वाळवून वजन करा, खोऱ्याने चीर पाडून उभ्या पुरा आणि माती पायाने दाबा. पोकळी राहिली तर पट्टीला ओल मिळत नाही. खुणेचा दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा आधी गायब होतो. प्रत्येक ठिकाणी पाच पट्ट्या, ३० ते ४० दिवस.

काढल्यावर हलक्या हाताने धुवा, वाळवा, वजन करा, मग जाळून राखेचं वजन वजा करा. धुऊनही माती राहतेच. पट्टीला कडेने स्वच्छ अर्धगोल कातरलेले दिसले आणि मातीचं अस्तर असलं तर ते वाळवीचं काम. ती पट्टी हिशेबातून वेगळी ठेवा. पिवळे-गुलाबी-काळे डाग पसरून कापड विरलेलं असेल, तर तेच तुम्हाला मोजायचं आहे.