साठीनंतरही स्नायू वाढतात, उचलायचं वजन पुरेसं हवं

"साठीनंतर स्नायू वाढत नाहीत, आहेत ते टिकले तरी पुष्कळ" असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. वाढ मंदावते हे मान्य. तेवढंच वजन उचलून तरुणाच्या स्नायूत जेवढी नवी प्रथिनं तयार होतात, तेवढी म्हाताऱ्या स्नायूत होत नाहीत. पण वाढ थांबत नाही. बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला होता (१९९० साली छापून आलं). आणि वजन लुटुपुटूचं नव्हे, ज्याला जास्तीत जास्त जेवढं पेलेल त्याच्या ८० टक्के! ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतला स्नायू मात्र ९ टक्केच. बाकीची कमाई मुख्यतः मज्जातंतूंची, असलेले स्नायूतंतू नीट कामाला लावण्याची. तेव्हा टेप घेऊन दंड मोजत बसू नका.

प्रोटीन पावडरीने ताकद वाढते का, हाही मुद्दा चर्चेत निघालाय म्हणून: बॉस्टनच्या त्याच संशोधकांनी १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर प्रयोग केला, त्यात व्यायामाविना नुसत्या पूरक आहाराने ताकद वाढली नाही. आपल्याकडे खरी गोची वेगळीच आहे. आईला घोट्याला बांधायला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी दिली होती, ती कित्येक महिने तेवढीच. कोणी वाढवलीच नाही. फिजिओला विचारून दीड किलोपर्यंत नेली, तेव्हा कुठे ती खुर्चीतून हात न टेकता उठायला लागली.