रेटिनॉल सोसत नाही, बावचीचं तेल चालेल का?

जाईजुई:
माझी स्किन लहानपणापासून नाजूक, टिकलीची कंपनी बदलली तरी कपाळाला खाज सुटते. आता ४३ची झाले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्या म्हणून बहिणीचं ऐकून रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा प्रकार, सुरकुत्यांवर लावतात) आणलं, तर चौथ्याच दिवशी गालांची सालं निघायला लागली आणि नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरायचं, शेवटी बंद केलं. सध्या जिकडे बघावं तिकडे रेटिनॉलऐवजी बाकुचिओलचं सीरम चाललंय, ते आपल्या बावचीतूनच काढतात म्हणे. मग सीरमला एवढे पैसे कशाला, काष्ठौषधीच्या दुकानात बावचीचं तेल स्वस्तात मिळतं, तेच खोबरेलात मिसळून लावलं तर?

आजीचाबटवा:
नको गं बाई! बावचीच्या बियांत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलीस तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येऊ शकतात, वर काळे डाग पडले की महिनोन् महिने हलत नाहीत. कोडावर बावची लावून थोडं थोडं ऊन घ्यायला सांगतात ते याच गुणासाठी, पण ते वैद्याच्या नजरेखाली. सीरममधलं बाकुचिओल वेगळं काढून शुद्ध केलेलं असतं, पैसे त्याचेच. (चेहऱ्यावर लिंबाची फोड घासणाऱ्यांनो, लिंबातही याच जातीची द्रव्यं असतात बरं का.)

शंकासुर:
पण फरक पडतो का खरंच, की नुसतीच जाहिरात?

आजीचाबटवा:
पडतो थोडा. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत २०१९ला आलं होतं, ४४ जण, १२ आठवडे, काहींना ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि बाकीच्यांना ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे साधारण सारखेच कमी झाले, सालं निघणं नि चुरचुर रेटिनॉलवाल्यांना जास्त. आता ४४ माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवालाही त्याहून जास्त असतात, तेव्हा बेताचाच विश्वास ठेव.

कोकणची मैना:
जाई, तुझी स्किन आत्ता चिडलीये, आधी महिनाभर साधं मॉइश्चरायझर लाव, काही नवीन नको. नंतर हवं तर कारिवणावालं क्रीम बघ, आमच्याकडे ओलसर जागी उगवतो, काहीजण त्यालाच ब्राह्मी म्हणतात, कोरियन डब्यांवर 'सिका' लिहितात ते हेच. फक्त लॅव्हेंडर, टी ट्री असली सुगंधी तेलं लेबलवर दिसली की डबी परत ठेव. झाडपाल्याचं म्हणजे सौम्य असं थोडंच असतं, खाजकुयली पण झाडपालाच की 😄

जाईजुई:
तेल रद्द! सीरम आणलं तरी आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघते. सनस्क्रीनचं काय करू पण, माझे डोळे झोंबतात त्याने.

कोकणची मैना:
झिंक ऑक्साइडवालं घे, ते बहुतेकांना झोंबत नाही. पांढरं दिसतं मात्र, पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी विचारलं पिठाच्या गिरणीत गेली होतीस का. टिंटवालं मिळतं, ते बघ.